घोडं आखडतं तेव्हा: सोमवारच्या दुखण्यापासून आजच्या खुराकापर्यंत

सारंगखेड्याच्या यात्रेचे दिवस जवळ आले की खान्देशात घोड्यांची तयारी सुरू होते, आणि त्याच सुमारास एक तक्रार हमखास कानावर येते. चार महिने धड बांधून होतं, खाऊन-पिऊन चकचकीत झालंय, आज जरा फिरवायला काढलं तर दहा-पंधरा मिनिटांत घामाघूम, मागचे पाय टाकेना, पुठ्ठ्यावर हात ठेवला तर मांस दगडासारखं लागतं. कोणी म्हणतं वारं लागलं, कोणी म्हणतं पोटात दुखतंय, कोणी नजर उतरवतं. यालाच डॉक्टर लोक टाईंग अप म्हणतात, आणि हे दुखणं काही आजचं नाहीये.

युरोप-अमेरिकेत ट्रॅक्टर-ट्रक यायच्या आधी बरीचशी ओढकामं घोड्यांवर चालायची. शनिवारपर्यंत जड गाड्या ओढायच्या, रविवारी सुट्टी, पण दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच पूर्ण, आणि सोमवारी सकाळी जुंपलं की तगडं, धष्टपुष्ट घोडं रस्त्यातच आखडून बसायचं, लघवी गडद कॉफीसारखी. म्हणून तिकडे याचं नावच सोमवार सकाळचा आजार पडलं. उपायही त्यांनी अनुभवानेच काढला होता, सुट्टीच्या दिवशी दाणा कमी करा आणि घोडं थोडं तरी चालवा. कारण कळायच्या कितीतरी आधी उपाय कळलेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

कारण शोधायला मात्र बराच वेळ गेला. 1932 साली स्वीडनच्या कार्लस्ट्रोमने मांडलं की आरामात स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा होतो, काम सुरू झालं की त्याचं लॅक्टिक अॅसिड बनतं आणि ते स्नायू खातं. हे मत कित्येक दशकं चाललं, पण नंतर तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं की आखडलेल्या घोड्यात लॅक्टिक अॅसिड वाढलेलं नसतंच, आणि हा त्रास तर साध्या चालीत, हलक्या दुडकीतही होतो. साठ्याचा भाग बरोबर होता, अॅसिडचा चुकला.

मग 1992 मध्ये अमेरिकेत स्टेफनी वालबर्ग आणि सहकाऱ्यांनी क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांत दाखवलं की काहींच्या स्नायूंत साखर वाजवीपेक्षा जास्त आणि विचित्र रूपात साठते. 2008 ला त्यामागचा जीन सापडला, जीवायएस1. त्यातल्या बदलामुळे साखर साठवणारं एन्झाइम बंदच होत नाही, दाणा जितका पिठूळ, म्हणजे स्टार्चचा, आणि गोड तितका साठा वाढत जातो. हाच बदल बेल्जियन आणि पर्चेरॉन या ओढकामाच्या जातींतही भरपूर आढळतो, म्हणजे त्या जुन्या सोमवारच्या घोड्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं बहुधा हेच असणार. थरोब्रेड रेसच्या घोड्यांची गोष्ट वेगळी, तिथे स्नायूंत कॅल्शियमची ये-जा नीट होत नाही असं मानतात, आणि बिचकणाऱ्या, तापट, त्यातही तरुण घोड्या जास्त सापडतात. तिथेही दाण्यातलं पीठ कमी केलं की फरक पडतो.

आता आपल्याकडचं बघा. आपल्याकडे रविवारचा प्रश्न नाही, आपल्याकडे अख्खा चातुर्मास आहे. आषाढीपासून लग्नं बंद, नवरदेवाच्या घोड्याला काम नाही, चिखलामुळे फिरवणंही होत नाही, अगाडी-पिछाडी लावून ते एका जागी उभं, आणि मालक प्रेमापोटी तोबऱ्यात मका, बाजरी, भिजवलेला हरभरा आणि वरून गुळाचा खडा घालतोच. तुळशीचं लग्न झालं की एकदम वराती, डीजेसमोर नाचणं, लगेच मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेडा, तिथे ट्रकमधून नेणं, गर्दी, आवाज. चंदी म्हणजे दाण्याचा खुराक भरपूर दिला की घोडं ताकदवान ही समजूत आली ती कामाच्या घोड्यांवरून, दिवसभर दौड मारणाऱ्या घोड्याला ती पचायची. उभ्या घोड्याला तीच चंदी घातक ठरते. मारवाडी, काठेवाडी घोड्यांची ठेवण ओढकामाच्या घोड्यांसारखी नाही हे खरंय, पण आराम आणि भरल्या तोबऱ्याचा हा मेळ कुठल्याच घोड्याला चांगला नाही.

आजचा सल्ला म्हणूनच असा आहे की पोट चाऱ्याने भरायचं, अंगाच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज पाच ते सात किलो. ज्याला हा त्रास होऊन गेलाय त्याचा गूळ आणि मका बंदच. ताकद लागली तर पिठाऐवजी तेलातून द्यायची, सोयाबीनचं किंवा जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत, सोबत व्हिटॅमिन ई, आणि मीठ रोज. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रोज मोकळं सोडणं किंवा फिरवणं, पावसाळ्यातसुद्धा, आणि सीझनच्या आधी काम हळूहळू वाढवणं.

आणि आखडलंच तर ओढून चालवायचं नाही, हे कृपा करून सगळ्यांना सांगा! पोटदुखी समजून लोक फेऱ्या मारायला लावतात आणि तुटलेला स्नायू आणखी तुटतो, तुटलेल्या स्नायूतलं रंगद्रव्य लघवीवाटे जाताना मूत्रपिंडाला मार बसतो. जिथे आहे तिथेच उभं ठेवायचं, पाणी पुढे करायचं, डॉक्टर बोलवायचा. वेदनाशामक इंजेक्शन स्वतःच्या मनाने द्यायचं नाही, अंगातलं पाणी कमी झालेल्या घोड्याला तेही मूत्रपिंडावर बेततं. डॉक्टरांना रक्तातलं सीके आणि एएसटी, म्हणजे स्नायू तुटला की रक्तात उतरणारी एन्झाइम्स, तपासायला सांगा, स्नायू किती तुटलाय ते त्यावरूनच कळतं.