नजरानजर, हरणाच्या शिकारीतील

नजरानजर, हरणाच्या शिकारीतील : शिकाऱ्याची आणि हरणाची नजर एकमेकांना भिडली की हरीण बुजते, अशी शिकाऱ्यांमध्ये रूढ असलेली समजूत आणि तिच्यातून आलेला ‘हरणाच्या डोळ्यांत पाहू नये’ हा दंडक. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची (ओडोकॉइलियस व्हर्जिनिॲनस) झाडावरच्या मचाणातून धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांत तो विशेष पाळला जातो. बाणाची खात्रीची मजल सामान्यतः ३०–४० मीटरांच्या आतच असल्याने जनावर फार जवळ येऊ द्यावे लागते. बंदुकीच्या शिकारीत अंतर मोठे राहते व हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. दंडक पाळणारे चेहरा जाळीने झाकतात, डोळे किलकिले करतात आणि हरणाच्या डोळ्यांऐवजी खांद्याकडे किंवा खुरांकडे पाहतात.

समजुतीच्या मुळाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार समोर रोखलेल्या दोन डोळ्यांची आकृती ही भक्षकाची खूण असून तिची ओळख अनेक प्राण्यांत उपजत असते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक रिचर्ड कॉस यांनी मासे व इतर प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे या मताचा पुरस्कार केला असून, फुलपाखरांच्या पंखांवरील डोळ्यांसारख्या ठिपक्यांचेही असेच स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. दुसऱ्या मतानुसार माणसाने स्वतःचा अनुभव हरणावर लादला आहे. वानरवर्गात रोखून पाहणे हे धमकीचे लक्षण आहे, आणि त्यातही माणसाचा डोळा वेगळा आहे : बुबुळाच्या दोन्ही बाजूंना उघडा पांढरा भाग दिसत असल्यामुळे त्याच्या नजरेची दिशा दुरूनही कळते, हे कोबायाशी व कोहशिमा या जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. लांडगा आणि प्यूमा (अमेरिकेतील मोठे रानमांजर) या हरणाच्या परंपरागत शत्रूंच्या डोळ्यांत असा पांढरा भाग सहसा दिसत नाही. तेव्हा बुबुळ कोणीकडे वळले आहे हे वाचण्याची सवय हरणाला लागण्याचे फारसे कारण नव्हते. माणूसही हजारो वर्षे हरणांचा भक्षक राहिला आहे, हा यावरचा आक्षेप मात्र सहज उडवून लावता येत नाही. तरीही पुढील तपशील पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असून त्यांचे दृष्टिक्षेत्र जवळपास ३००° भरते. बाहुली आडवी असते, आणि दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतील पडद्यावर) प्रकाशसंवेदी पेशींची दाटी एका बिंदूत न होता क्षितिजाला समांतर अशा पट्ट्यात होते. २१४ स्थलचर जातींच्या बाहुल्यांची तुलना करणाऱ्या मार्टिन बँक्स व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील अभ्यासानुसार आडवी बाहुली भक्ष्य ठरणाऱ्या चरणाऱ्या प्राण्यांत आढळते, आणि मेंढी-बकरीसारखे प्राणी चरताना मान खाली घालतात तेव्हा डोळा खोबणीत फिरून बाहुली जमिनीला समांतरच राहते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनुसार पांढऱ्या शेपटीच्या हरणात शंकुपेशींचे (रंग ओळखणाऱ्या पेशींचे) दोनच प्रकार असून त्यांची कमाल संवेदनक्षमता सुमारे ४५०–४६० व ५३७ नॅनोमीटर तरंगलांबीला असते. नारिंगी प्रकाशाची तरंगलांबी याहून जास्त असते, म्हणूनच शिकाऱ्यांचे भडक नारिंगी जाकीट हरणाच्या नजरेत भरत नाही. दृष्टिपटलामागील परावर्तक थरामुळे अंधूक प्रकाशात त्याला चांगले दिसते. या सर्व रचनेचा कल हालचाल टिपण्याकडे आहे, बारकावे टिपण्याकडे नाही.

हरणाची दृष्टितीक्ष्णता सर्वसाधारणपणे माणसाच्या एक तृतीयांश धरली जाते. निरोगी मानवी डोळा सुमारे एक कला (अंशाचा साठावा भाग) एवढा तपशील वेगळा ओळखतो, म्हणजे हरणाला तीन कला लागतील. ३० मीटरांवर तीन कलांची रुंदी सुमारे २६ मिलिमीटर भरते, आणि माणसाच्या पापण्यांमधील फट साधारण ३० मिलिमीटर लांब असते. याचा अर्थ त्या अंतरावर अख्खा डोळा हरणाला जेमतेम एक गडद ठिपका म्हणून दिसेल आणि त्यातले बुबुळ कोणत्या बाजूला आहे हे मुळीच कळणार नाही. दहा मीटरांवर ही मर्यादा ९ मिलिमीटरांच्या आसपास येते, आणि तेथे पांढरा भाग व बुबुळ यांतील फरक जाणवण्याची शक्यता काठावर आहे. हे गणित ढोबळ असले, तरी मचाणावरील बहुतेक प्रसंगांत ‘डोळे’ म्हणून जे हरणाला दिसते तो वस्तुतः समोर वळलेला, भोवतालच्या सालीपानांहून फिकट आणि मध्येच हलणारा चेहरा असतो, हे त्यावरून स्पष्ट होते. जाळीचा उपयोग होतो तो यामुळेच.

इतर प्राण्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. २००८ मधील एका अभ्यासात युरोपीय मैना (स्टार्लिंग) माणसाची नजर खाद्यावर रोखलेली असताना खाण्याकडे उशिरा परतल्या. मेंढ्यांवरील २००६ च्या प्रयोगात रोखून पाहणाऱ्याच्या चेहऱ्याकडे मेंढ्यांनी अधिक वेळा पाहिले, पण त्यांच्यात ठळक भीती आढळली नाही. तर कुरणातले घोडे पकडताना नजर भिडवली काय किंवा चुकवली काय, यशात फरक पडला नाही, असे २००८ मध्ये दिसून आले. हे प्रयोग जवळच्या अंतरावरचे असल्याने ते रानातल्या हरणाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. कॅलिफोर्नियातील काळ्या शेपटीच्या हरणांवरील स्टॅन्कोविच व कॉस यांचा अभ्यास (२००६) येथे अधिक जवळचा आहे : माणूस थेट रोखाने आणि वेगाने चालून आला असता हरणे अधिक अंतरावरूनच पळाली. सुंदरबनात १९८६ च्या सुमारास वाघापासून बचावासाठी डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधण्याचा प्रयोग झाला. तेथे भक्ष्याची नजर भक्षकाला परावृत्त करते, म्हणून ते उदाहरण येथे गैरलागू होय.

समजूत टिकण्याचे कारण बहुधा घटनाक्रमाच्या चुकीच्या वाचनात आहे. फांदी करकरते किंवा वारा फिरून माणसाचा वास जातो, तसे हरीण चरता चरता थबकते. कान पुढे येतात, एक पुढचा पाय उचललेलाच राहतो, आणि मग बाजूने पाहणारे ते जनावर तोंड वळवून दोन्ही डोळ्यांनी संशयित जागेकडे पाहू लागते. पाय आपटून ते समोरच्याला हालचाल करायला भाग पाडू पाहते. पुष्कळदा चरण्याचे सोंग करून मान खाली घालते आणि अर्ध्यातच झटक्याने वर करते. शिकाऱ्याला नजर भिडल्याचा अनुभव येतो तो नेमका या टप्प्यावर. हरणाचा संशय मात्र आधीच जागा झालेला असतो, आणि पुढच्या काही क्षणांत शेपूट उभारून ते पळाले की दोष नजरेवर जातो. त्या क्षणी घाईने नजर फिरवताना मान हलली, तर दंडक पाळूनच हरीण गमावण्याची पाळी येते. गोठून बसणे हा जाणत्यांचा सल्ला म्हणून अधिक भरवशाचा आहे.

महाराष्ट्रात थेट रोखाने न जाण्याचे तत्त्व कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी होणाऱ्या काळविटांच्या शिकारीत दिसते. काळवीट शास्त्रीय वर्गीकरणात मृगकुलातले नसून गोकुलातले (गायी-बकऱ्यांच्या कुलातले) आहे, पण व्यवहारात ते हरीणच. चित्तेवान (चित्ते सांभाळणारे) चित्त्याला टोपीने डोळे झाकून बैलगाडीवर बसवत आणि गाडी कळपावर सरळ न घालता शेजारून जात असल्यासारखी तिरकी हाकत. शेतावरच्या गाड्यांना सरावलेली काळविटे त्यामुळे पुरेशी जवळ येऊ देत. मग चित्त्याची टोपी काढली जाई. टोपीचा हेतू चित्ता शांत राहावा हा होता, काळविटाला त्याचे डोळे दिसू नयेत हा नव्हे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात अशा शिकारीला वाव उरलेला नाही. रेहेकुरीसारख्या काळविटांच्या अभयारण्यात आता हा विषय छायाचित्रकारांपुरता आहे. वाहनाला सरावलेला कळपही माणूस खाली उतरून सरळ चालू लागला की हलतो.