द्वारकेच्या समुद्रातले दगड: वाद नेमका कशाचा?

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक आलोक त्रिपाठी यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा द्वारकेच्या समुद्रात उतरलं आणि ‘कृष्णाची नगरी सापडली का?’ हा प्रश्न नव्याने बातम्यांत आला. त्याच्या साधारण वर्षभर आधी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी तिथेच बुडी मारून मोरपिसं वाहिली होती. त्यामुळे चर्चा लगेच श्रद्धाळू विरुद्ध अश्रद्ध अशा वळणावर जाते. खरा वाद तिथे नाहीच. पाण्याखाली घडीव दगड आहेत हे सगळ्यांनाच मान्य आहे. भांडण आहे ते त्यांच्या वयाचं.

महाभारताच्या मौसलपर्वात यादवांचा नाश होतो, अर्जुन उरलेल्यांना घेऊन बाहेर पडतो आणि समुद्र द्वारका गिळतो. ही कथा आपल्याला परकी नाही. रुसलेल्या रुक्मिणीला शोधत देव द्वारकेहून दिंडीरवनात आले, असं पंढरपूरची परंपराच सांगते. पण ग्रंथातली द्वारका रैवतक पर्वताजवळ आहे आणि आजच्या द्वारकेच्या आसपास पर्वत म्हणावा असं काही नाही. म्हणून काहींनी ती गिरनारच्या बाजूला शोधली, काहींनी कोडिनारजवळ ‘मूळ द्वारका’ नावाच्या गावी. जागेवरच एकमत नव्हतं, तेव्हा काळ ठरवणं आणखी अवघड होतं.

शास्त्रीय शोधाची सुरुवात जमिनीवर झाली, आणि तीही पुणेकरांच्या हातून. १९६३ मध्ये डेक्कन कॉलेजच्या झेड. डी. अन्सारी आणि म. श्री. माटे यांनी द्वारकेत उत्खनन केलं. त्यांना सापडलेली सर्वांत जुनी वस्ती साधारण इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासची निघाली. त्यानंतर एस. आर. राव आले. लोथल या हडप्पाकालीन शहराचं उत्खनन करणारे हेच राव. १९७९-८० मध्ये त्यांनी द्वारकाधीश मंदिराच्या आवारात खणलं, तेव्हा खाली जुन्या मंदिरांचे अवशेष मिळाले. मग त्यांची नजर समुद्राकडे वळली. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं केंद्र उभं राहिलं आणि १९८३ पासून द्वारका व जवळच्या बेट द्वारका या बेटाच्या समुद्रात काम सुरू झालं. भारतात समुद्राखाली शिस्तीने पुरातत्त्व सुरू झालं ते इथून. रावांचे निष्कर्ष पटोत न पटोत, हे श्रेय त्यांचंच.

रावांना तिथे घडीव दगडांचे ढीग, अर्धवर्तुळाकार बांधकामं आणि जहाजांचे भरपूर दगडी नांगर दिसले. अर्धवर्तुळं म्हणजे तटबंदीचे बुरूज, असं त्यांनी मांडलं. बेट द्वारकेला शंखाची एक छोटी मुद्रा मिळाली. तिच्यावर तीन डोक्यांचा प्राणी कोरलेला, शैली उत्तर-हडप्पाकालीन. तिथल्या खापरांचं वयही सुमारे साडेतीन हजार वर्षं निघालं. यावरून ही नगरी इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या सुमाराची, म्हणजेच महाभारतातली, असं राव सांगू लागले.

मेख आहे ती नांगरांत. त्रिकोणी दगड, वर दोरासाठी एक भोक, खाली दोन भोकं. खालच्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकायच्या, म्हणजे नांगर तळाशी रुतून बसतो. सायप्रस आणि सीरियाच्या किनाऱ्यावर असेच नांगर कांस्ययुगातले मिळाले होते, त्यामुळे रावांनी द्वारकेचेही त्याच काळातले धरले. पण इतकी सोयीची वस्तू लोक एका शतकात टाकून देत नाहीत. हा प्रकार पुढे कित्येक शतकं वापरात राहिला. शिवाय त्याच जागी लांबट, चौकोनी छेदाचे नांगरही पडलेले आहेत. ते अरबी समुद्रातल्या मध्ययुगीन व्यापाराशी जोडले जातात. याच गोव्याच्या संस्थेतल्या ए. एस. गौर, सुंदरेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सगळ्याची फेरतपासणी केली. त्यांच्या मते द्वारकेसमोरचे दगड हे ऐतिहासिक (म्हणजे लेखी नोंदी मिळणाऱ्या) काळातल्या एका गजबजलेल्या बंदराचे अवशेष आहेत, आणि ज्याला बुरूज म्हटलं ते बहुधा धक्क्याचं बांधकाम. मला हे जास्त पटतं. आणि ते निराशाजनकही वाटत नाही: शेकडो जहाजं जिथे नांगर टाकून गेली ते बंदर काय कमी मोलाचं?

दुसरी अडचण पाण्याची. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. पण सहा-सात हजार वर्षांपूर्वी ती जवळपास आजच्या पातळीला येऊन पोचली. मग साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शहर बुडालं कसं? त्यासाठी जमीनच खचायला हवी. गुजरातेत हे अशक्य नाही. १८१९ च्या कच्छ भूकंपात सिंदरीचा किल्ला पाण्यात गेला, आणि शेजारीच जमीन वर उचलून अल्लाहबंद तयार झाला. पण द्वारकेपाशी असं झालं हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

खंभातच्या आखाताचं प्रकरण मात्र वेगळ्याच जातीचं. मे २००१ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी पत्रकारांना बोलावून तिथे बुडालेलं शहर सापडल्याचं जाहीर केलं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेला प्रदूषणाची पाहणी करताना, किनाऱ्यापासून साधारण वीस किलोमीटरवर, तीस-चाळीस मीटर खोल, सोनारच्या (ध्वनिलहरींनी समुद्रतळ टिपणाऱ्या यंत्राच्या) चित्रांत चौकोनी आकार दिसले होते. तळ खरवडून काढलेल्या मालात एक लाकडाचा तुकडा होता. त्याचं वय सुमारे साडेनऊ हजार वर्षं निघालं, आणि ते शहराचं वय म्हणून सांगितलं गेलं. लाकूड तेवढं जुनं असेलही. तेव्हा तो तळ बहुधा जमीनच होता आणि तिथे माणसं राहत असतील तर नवल नाही. पण या आखातात साबरमती, मही, नर्मदा, तापी गाळ ओततात आणि भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या आसपास जातो. अशा ठिकाणी खरवडून काढलेली वस्तू तिथलीच, की वाहत आलेली, हे कोण ठरवणार? गंमत म्हणजे याच आखाताच्या टोकाला असलेलं लोथल आज समुद्रापासून आत आहे, आणि खुद्द खंभातचं बंदर गाळाने भरून गेलं. इथल्या बंदरांचा मोठा शत्रू गाळ.

आपल्याकडे विजयदुर्गासमोर पाण्याखाली शंभर मीटरहून लांब दगडी भिंत आहे. शत्रूची गलबतं तिच्यावर आपटावीत म्हणून मराठ्यांच्या आरमाराने ती बांधली, असं किनाऱ्यावर सांगतात. जेमतेम साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट, तरी तिच्यावरही वाद आहेच.

द्वारकेच्या नव्या शोधाची बातमी वाचताना म्हणूनच मी आधी एकच गोष्ट बघतो: गाळाच्या थरात जागच्या जागी दबलेलं, दगडांच्या पायाखालचं खापर किंवा लाकूड मिळालं का. सुट्या दगडांच्या आणखी छायाचित्रांनी १९८० च्या दशकातला प्रश्न पुढे सरकणार नाही.