सुताराच्या शेडमधली उफणणी

खळ्यावर ज्वारी उफणताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून तिच्यातला भुसा वेगळा काढणारा शंकू, समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. वावडीवर उभा राहिलेला गडी पाटी हलकेच तिरपी करतो. दाणा सरळ खाली पडतो, भुसकट वाऱ्यासोबत जातं. वारा नेईल तिकडे हलकं जातं, जड जात नाही. सुताराच्या शेडमध्ये फक्त तो वारा गोल फिरवायचा.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आमच्या ओळखीचे एक मिस्त्री दारं-कपाटं करतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेले बोर्ड, कापायचं काम निघालं की त्यांच्या व्हॅक्यूम क्लीनरचा फिल्टर बघता बघता चोंदायचा. मग तो बाहेर नेऊन झटकायचा, म्हणजे पकडलेली धूळ पुन्हा हवेत! म्हणून आम्ही दोघांनी रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीवर पत्र्याचा एक शंकू बसवला, टोक खाली करून.

भुशाची हवा शंकूत वरून, पण कडेनं, भिंतीला घासत शिरते आणि गरगर फिरत खाली उतरते. समजा हवेचा वेग सेकंदाला १५ मीटर आणि शंकूची त्रिज्या १५ सेंटिमीटर आहे. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, हे साधं गणित केलं तर कणाला भिंतीकडे ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या दीडशे पट भरतो. शंकू खाली निमुळता होतो तशी फिरकी वाढते. फुगडीत हात आखडले की वाढते तशी. कण भिंतीवरून घरंगळत बादलीत पडतात आणि हवा मधल्या पाइपातून वर, व्हॅक्यूम क्लीनरकडे निघून जाते. हा मधला पाइप आत येणाऱ्या हवेच्या तोंडापेक्षा खाली उतरलेला हवा, नाहीतर हवा फेरा न घेताच पळते. लाकूड कारखान्यातला असाच शंकू पाहून जेम्स डायसन यांना पिशवीविना चालणारा व्हॅक्यूम क्लीनर सुचला. त्यासाठी त्यांनी ५,१२७ नमुने केले. आमचे दोनच झाले.

पहिला नमुना बादलीनंच खाल्ला. पाइपात लाकडाची ढलपी अडकली आणि बादली पापडासारखी आत चेपली. चांगल्या व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बंद झालं तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २० किलोपास्कलनं कमी होतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर तो भार जवळपास १४० किलोचा! मग जाड पत्र्याचा डबा आणला.

तरीही भुसा फिल्टरमध्ये जायचा. मी शंकूची मापं पुन्हा पुन्हा काढत बसलो. मिस्त्रींनी उदबत्ती पेटवली आणि डब्याच्या झाकणाच्या कडेनं फिरवली. एके ठिकाणी धूर सुतासारखा आत ओढला गेला.

“सर, खालनं हवा घ्यायलंय बघा. पडलेला भुसा परत उडवतंय.”

बरोबर होतं. शंकूच्या मध्यभागी दाब सगळ्यात कमी असतो. तळाशी बारीक फट राहिली तरी तिथून वारं वर उसळतं. झाकणाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवली आणि फिल्टरमध्ये जाणारा भुसा एकदम कमी झाला. शंकूच्या कोनावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी आधी उदबत्ती लावावी, असं माझं मत झालं आहे.

एक पथ्य मात्र पाळायचं: ग्राइंडरच्या ठिणग्या यात ओढायच्या नाहीत. डब्यातला भुसा आतल्या आत धुमसत राहतो.

आता या यंत्राची मर्यादा. कणाचा आकार दहा पट लहान झाला की त्याचं भिंतीकडे सरकणं शंभर पट मंदावतं. म्हणून रंध्याची साल, करवतीचा भुसा डब्यात सापडतो. पॉलिश पेपरनं घासताना उडणारं, काही मायक्रॉनचं पीठ हवेबरोबर निसटतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या. फुप्फुसात खोलवर जातं ते हेच पीठ. लाकडाच्या धुळीनं माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे. त्यामुळे सायक्लोनच्या पुढे बारीक फिल्टर लागतोच. सायक्लोन त्या फिल्टरचं आयुष्य वाढवतो, इतकंच.

परवा संध्याकाळी शेडमध्ये गेलो. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात तेच पीठ तरंगत होतं. मिस्त्रींनी नाकाला सोलापुरी टॉवेल बांधला होता. त्याच्या विणीतली भोकं या कणांपेक्षा कितीतरी मोठी. एन-९५ मास्क मी आणून दिलाय; सध्या तो खिळ्याला टांगलेला आहे.