सद्गुण-नीती आणि ऑनलाइन प्रायव्हसी

सद्गुण-नीती ही नीतीकडे बघायची जुनी ग्रीक पद्धत, हिच्यात नियम कुठला मोडला हे नंतर येतं, आधी विचारतात की असं वागून वागून हा माणूस कसा घडतोय. तिची सगळ्यात नीट मांडणी ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) केली.

आता प्रायव्हसी म्हटलं की आपण कंपन्या, सरकार आणि कायद्यावर बोलतो, आणि बोलायलाच हवं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी केसमध्ये एकमताने प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला, मग २०२३ मध्ये डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा झाला. पण कोणी वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी डेटा वापरला तर हा कायदा त्याला लागूच होत नाही, त्यामुळे शेजारच्या काकांचा हॉस्पिटल रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकणारा भाचा बहुतेक त्यातून सुटतो. माझ्या मते सद्गुण-नीतीची खरी गरज इथेच आहे.

ॲरिस्टॉटल थोर मनाच्या माणसाचं वर्णन करताना सांगतो की तो लोकांबद्दल गप्पा मारत बसत नाही, स्वतःबद्दलही नाही आणि दुसऱ्यांबद्दलही नाही. सद्गुण सवयीने अंगात मुरतो हे त्याचं म्हणणं तर फॉरवर्डला तंतोतंत लागू पडतं, कारण तिथे विचार करायला वेळच नसतो, बोट आधीच दाबून मोकळं होतं. आणि प्लेटोने सांगितलेली गायजिसची गोष्ट, अंगठी फिरवली की मेंढपाळ अदृश्य होतो आणि मग राणीला फितवून राजाला मारतो, ती फेक अकाउंटवाल्यांनी जरूर वाचावी.

गोव्यात हे फार जवळून दिसतं. गावं लहान, एकमेकांना ओळखणारी, पूर्वी सोप्यावर बसून केलेली कुजबुज चार दिवसांनी विरायची, आता स्क्रीनशॉट राहतो आणि उत्तर टोकाच्या पेडण्याची गोष्ट रात्रीपर्यंत दक्षिण टोकाच्या काणकोणात पोचते, त्या घरातल्या मुलीने दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर उभं कसं राहायचं याचा विचार कोण करतो? जानेवारी २०२३ मध्ये पर्यटन खात्याला सूचना काढावी लागली की समुद्रात पोहणाऱ्या किंवा उन्हात पडलेल्या अनोळखी लोकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. पणजीत फोंतेन्यास या जुन्या वस्तीतल्या लोकांनाही दारात येऊन फोटो काढणाऱ्यांचा खूप त्रास होतो, तिथे लोक राहतात हेच बघणारा विसरतो.

या विचाराला मर्यादा आहेत. ॲरिस्टॉटलचा सद्गुणी माणूस म्हणजे स्वतंत्र पुरुष नागरिक, बायका आणि गुलाम त्याच्या हिशोबात खालचे, आणि आज ऑनलाइन बदनामी सोसावी लागते ती जास्त करून बायकांनाच. शिवाय ॲप मुळातच सगळं उघडं ठेवत असेल तर एकट्याच्या संयमाने काय होणार. तत्त्वज्ञ शॅनन व्हॅलर यांनी २०१६ मध्ये ॲरिस्टॉटलसोबत कन्फ्यूशियस आणि बौद्ध विचार घेऊन टेक्नॉलॉजीच्या काळातले सद्गुण मांडले, त्यात हे गुण समाजाने मिळून जोपासायचे आहेत.

सगळ्यात अवघड केस लहान मुलांची. २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांचा डेटा वापरायला आईवडिलांची संमती लागते, पण मुलाचे न्हाणीघरातले फोटो, त्याचे मार्क, त्याचं रडणं स्टेटसला ठेवणारे आईवडीलच असतात, आणि तिथे त्या मुलाच्या बाजूने बोलायला या कायद्याने दुसरं कोणी ठेवलेलं नाही.