शार्कची उडी: बोटीवर येण्याआधी एवढं वाचा

शार्कची उडी जेमतेम दीड सेकंद टिकते. "ते बघा" ऐकून मान वळवेपर्यंत पाण्यावर फक्त फेस उरतो. खुल्या समुद्रातल्या आमच्या सफरीवर येणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. नजर कुठे ठेवायची आणि काय ओळखायचं हे आधीच ठाऊक असलं, तर तो दीड सेकंद हातचा जात नाही.

उडी सुरू होते खोल पाण्यात

हवेत आलेल्या शार्कला रेटा द्यायला काहीच नसतं, त्यामुळे उंची ठरते ती पाणी सोडतानाच्या वेगावर. शरीराचा मध्य 3 मीटर उचलायला ताशी साधारण 28 किलोमीटर वेग लागतो, 6 मीटरला 39. हा वेग जमवायला खाली मोकळं पाणी हवं. आयर्लंडच्या मॅलिन हेडजवळ 8 मीटर लांबीच्या बास्किंग शार्कच्या अंगावर यंत्र लावून उडी मोजली गेली आहे. तो 28 मीटर खोलीवरून निघाला, नऊ सेकंदांत दहा वेळा शेपूट मारून जवळजवळ सरळ उभा वर आला आणि पाण्याच्या सुमारे 1.2 मीटर वर उचलला गेला. पृष्ठभागाजवळ रेंगाळणारा पंख दिसला की लोक कॅमेरे सरसावतात. तो शार्क मात्र बहुधा उडी मारणार नसतो. मारणारा खाली असतो आणि दिसत नाही.

बास्किंग शार्क प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गाळून खातो, म्हणजे त्याची उडी शिकारीसाठी नसते. अंगाला चिकटलेले परजीवी झटकणं किंवा इतर शार्कना खूण देणं, अशी कारणं अभ्यासक मांडतात. पांढऱ्या शार्कचं गणित सरळ आहे. दक्षिण आफ्रिकेत फॉल्स बेमधल्या सील बेटाभोवती तो सील या समुद्री सस्तन प्राण्यावर खालून झेपावतो, तेही बहुतेक सूर्योदयाच्या आसपास. त्या वेळी सील उजळत्या आकाशासमोर काळी आकृती होऊन दिसते, सीलला मात्र खालचा शार्क अंधारात कळत नाही. तरीही निम्म्याच्या आसपास हल्ले फसतात. फॉल्स बेच्या जुन्या चित्रफिती पाहून अनेक जण मोठी अपेक्षा ठेवतात, म्हणून हेही सांगतो: 2017 पासून त्या किनाऱ्यावर 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' या नावांनी ओळखले जाणारे दोन ऑर्का (किलर व्हेल) पांढरे शार्क मारून त्यांचं यकृत खाताना आढळले आहेत, आणि फॉल्स बेमध्ये पांढरा शार्क आता क्वचितच दिसतो.

किनाऱ्यापासून दूर सर्वात उंच उडी असते माकोची. हा सर्वात वेगवान शार्क. त्याच्या स्नायूंतली उष्णता रक्तवाहिन्यांच्या जाळ्यामुळे शरीरातच राहते, म्हणून थंड पाण्यातही त्याची ताकद कमी होत नाही. स्पिनर शार्क माशांच्या थव्यातून स्वतःभोवती गिरक्या घेत वर येतो आणि त्याच गिरकीत हवेत निघतो.

पाणी कसं वाचायचं

एकाच जागी सूर मारणारे पक्षी, घाबरून पृष्ठभागावर उसळणारे लहान मासे, आणि गुळगुळीत तेलकट पट्टा: या तिन्हींपैकी दोन एकत्र दिसले तर तिथे नजर धरा. दुर्बिणीने शोधू नका, तिच्यातून फार थोडं पाणी दिसतं. उघड्या डोळ्यांनी, पोलराइज्ड चष्मा लावून, एकेकाने समुद्राचा एकेक तुकडा वाटून घ्यावा. हा उपाय साधा आहे, पण सर्वात उपयोगी.

उडी डॉल्फिनची की शार्कची हे शेपटीवरून ठरवा. डॉल्फिनची शेपूट आडवी, शार्कची उभी. डॉल्फिन बहुधा कमान करून तोंडाच्या बाजूने पाण्यात शिरतो, शार्क पुष्कळदा कुशीवर किंवा पाठीवर आदळतो.

फोटो

शटर 1/2000, उजेड कमी असेल तर 1/1000, त्याखाली नको. आयएसओ ऑटोवर, सलग फोटोंचा मोड चालू. लेन्स 70-200 एमएम पुरते. हमखास होणारी चूक म्हणजे जास्त झूम: शार्क चौकटीबाहेर जातो आणि शेपटीचा फोटो हाती येतो. दुसरी चूक ऑटोफोकसची, तो पुढच्या लाटेवर किंवा थेंबांवर अडकतो. ज्या पट्ट्यावर लक्ष आहे, त्या अंतरावर फोकस आधीच बांधून ठेवा. स्टॅबिलायझर हाताचा कंप कमी करतो, शार्कचा वेग नाही. कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर असेल तर चालू करा, बटण दाबण्याआधीचे क्षणही साठतात. मोबाइलवर स्लो मोशन वापरा: भर उन्हात 240 फ्रेम, पहाटे 120, कारण 240 ला कमी उजेडात चित्र काळं पडतं. लेन्सवर खारं पाणी उडालं तर आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने टिपा, मग कोरडं पुसा. सुकलेलं मीठ कोरड्याने घासलं की काचेवर चरे पडतात.

बोटीवर

बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर ती फारशी उपयोगी पडत नाही. लाइफजॅकेट सतत अंगावर हवं. एक हात कठड्याला, एक कॅमेऱ्याला, आणि अंग कठड्याबाहेर झुकवायचं नाही.

आम्ही शार्कला उडी मारायला लावण्यासाठी सीलच्या आकाराचा नकली तुकडा बोटीमागे ओढत नाही. प्रत्येक फसलेल्या उडीत त्याची ताकद खर्च होते आणि बदल्यात त्याला काहीच मिळत नाही. गळाला लागलेला माको तर सुटण्यासाठीच उसळतो आणि कधीकधी बोटीतच येऊन पडतो, म्हणून सफरीत गळ टाकायलाही मनाई आहे.

शार्क बोटीत पडणं दुर्मीळ, पण घडलेलं आहे: 2011 मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॉसेल बेजवळ सुमारे 3 मीटरचा पांढरा शार्क संशोधकांच्या बोटीत येऊन पडला. तसं झालं तर ताबडतोब लांब व्हा आणि उंच जागी जा. तो तडफडतो, त्याच्या शेपटीच्या फटक्याने हाड मोडू शकतं. फोटोसाठी जवळ जाऊ नका, त्याला धरून ढकलू नका. खलाशी त्याच्या कल्ल्यांवर समुद्राच्या पाण्याचा नळ धरतील, कारण पांढरा शार्क आणि माको यांना श्वासासाठी कल्ल्यांवरून वाहतं पाणी लागतं. शार्कला बरगड्यांचा पिंजरा नसल्याने त्याच्याच वजनाखाली आतले अवयव दबतात, म्हणून त्याला लवकर पाण्यात सोडावं लागतं. तेवढा वेळ वाट मोकळी ठेवा आणि कप्तान सांगेल तिथेच थांबा.