चार्जर काढला की झेंडू पिवळा का पडतो?

झेंडूच्या फुलांचा फोटो लॅपटॉपवर उघडा आणि चार्जर काढा. बऱ्याच लॅपटॉपवर थोड्याच वेळात केशरी रंग पिवळटतो, पाकळ्यांवरच्या उजळ छटा एकमेकींत मिसळून जातात. स्क्रीन गेली असं समजून माणूस दुरुस्तीचं दुकान गाठतो. पॅनल मात्र बहुधा ठणठणीत असतं.

एलसीडी पॅनल स्वतः प्रकाश देत नाही. मागे पांढऱ्या एलईडींचा बॅकलाइट असतो. त्यातला किती प्रकाश पुढे सोडायचा, एवढंच प्रत्येक पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या आणि निळ्या झडपा ठरवतात. कारभार भलताच उधळा आहे. पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी फिल्म) आणि रंगांचे फिल्टर ओलांडेपर्यंत दहा टक्क्यांहूनही कमी प्रकाश उरतो. काळा चौकोन दाखवतानासुद्धा बॅकलाइट जवळपास तेवढीच वीज खातो. (म्हणजे साध्या एलसीडी लॅपटॉपवर बॅटरीसाठी डार्क मोड लावणाऱ्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.)

चार्जर काढला की लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि वीज वाचवायची तर बॅकलाइटच मंद करायला हवा. इंटेलचं ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग’ आणि एएमडीचं ‘व्हॅरी-ब्राइट’ नेमकं हेच करतात आणि ते लपवण्यासाठी झडपा थोड्या जास्त उघडतात. दिवा 80 टक्क्यांवर आणला आणि 50 टक्के उघडी झडप साडेबासष्टवर नेली, तर डोळ्यांना पोचणारा प्रकाश तेवढाच राहतो. हिशोब चोख आहे, पण झडपेला उघडायला जागा असेपर्यंतच. झेंडूच्या केशरी रंगात लाल झडप पूर्ण उघडी आणि हिरवी 25 टक्के, असं धरू. दिवा 80वर आला की हिरवी सव्वाएकतीसपर्यंत उघडून आपले 25 राखते. लाल आधीच सताड उघडी, ती 80वरच अडकते. लाल-हिरव्याचं चारास एक हे प्रमाण सव्वातीनास एकच्या आसपास येतं आणि केशरी पिवळ्याकडे झुकतो. प्रत्यक्षातले प्रोग्राम चित्र तपासून जरा जपून वागतात, पण बचतीची पातळी जितकी चढी, तितकी ही लबाडी उघडी पडते.

चार्जर लावूनही रंग फिकेच असतील, तर दोष बहुधा सेटिंगचा नाही, खरेदीचा आहे. झाकण पुढेमागे केल्यावर रंग पालटत असतील तर पॅनल टीएन जातीचं समजा. 1970 सालची ही रचना स्वस्त, पण समोरूनच बघण्यासारखी. 1996 मध्ये हिताचीने आणलेल्या आयपीएसने कोनाची ही अडचण मोठ्या प्रमाणात सोडवली. मात्र दुकानदार ‘आयपीएस आहे’ म्हणाला म्हणजे रंग भरपूर मिळतील असं अजिबात नाही. स्वस्त आयपीएस पॅनलवरही ‘45 टक्के एनटीएससी’ लिहिलेलं सापडतं. एनटीएससी हे रंगांच्या आवाक्याचं, 1953 सालच्या अमेरिकी टीव्हीचं माप. आज वेबवर चालणारं एसआरजीबी त्याच्या सुमारे 72 टक्के भरतं. त्या हिशोबाने 45 टक्केवाल्या पॅनलवर एसआरजीबीतला एक तृतीयांशाहून जास्त भाग गायबच असतो. लाल साडी विटकरी दिसते ती इथे, आणि कुठलंही सेटिंग तिला वाचवू शकत नाही.

ओएलईडीत बॅकलाइटच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. तिथे काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल, त्यामुळे डार्क मोडने खरोखर बॅटरी वाचते.

विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ब्राइटनेस इथे ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ हा पर्याय दिसला तर तो बंद करा. तो नसेल किंवा बंद करूनही फरक पडत नसेल, तर इंटेल किंवा एएमडीच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये पॉवरचा विभाग पाहा. लग्नपत्रिकेचा रंग ठरवताना किंवा फोटो एडिट करताना नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) हीसुद्धा बंद असू द्या. एलसीडीवर तिने वीज जवळपास वाचत नाहीच, कारण बॅकलाइट तसाच चालू राहतो आणि निळ्या झडपा तेवढ्या थोड्या मिटतात.