कागदी लगद्याचा पक्षी

रद्दी, मैद्याची खळ आणि हलका सांगाडा यांपासून घरच्या घरी घडवून रंगवलेली पक्ष्याची प्रतिकृती. ‘पेपर माशे’ हे प्रचलित नाव फ्रेंच. अर्थ ‘चावलेला कागद’. भारतात या कलेचे मोठे केंद्र काश्मीर. तिथे वस्तू घडवण्याला सख्तसाझी आणि रंगवण्याला नक्काशी म्हणतात. महाराष्ट्रातल्या घरांना लगदा ठाऊक आहे तो टोपल्यांमुळे: भिजवलेला कागद मेथ्यांबरोबर वाटायचा आणि पालथ्या पातेल्यावर थापायचा. मेथीचा बुळबुळीतपणा कागद धरून ठेवतो, आणि तिच्या कडूपणाने कीड दूर राहते असे जुन्या बायका सांगतात.

सोलापुरात सांगाड्याची चिंता नसते. यंत्रमागावरचे सूत संपले की कागदी कोन उरतात. अशा कोनाची पक्ष्याला बरी मान होते. धडासाठी रद्दी चुरगळून अंड्याच्या आकाराचा गोळा करतात आणि दोऱ्याने आवळतात. आवळण्यात कसूर झाली तर गोळा ओल्या थरांखाली बसतो आणि पक्षी पोट खपाटीला गेल्यासारखा दिसतो.

खळ हा शब्द इथे माग असलेल्या घरातल्या पोरालाही समजवावा लागत नाही. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला खळ देतात. पक्ष्यासाठी वाटीभर मैदा गार पाण्यात गुठळी न राहता कालवून चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात ओततात आणि पारदर्शक होईतो ढवळतात. बुरशी धरू नये म्हणून चमचाभर मीठ. बायंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी आहे. मुले हात घालणार असतील तिथे त्याचे काम नाही.

कागद कात्रीने कापू नये, फाडावा. फाटलेल्या कडेचे तंतू खालच्या थरात मिसळून जातात. कापलेली कड मात्र रंगाखालूनही रेघ दाखवते. दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवत चार-पाच थर देतात. कुठला थर कुठवर आला हे ओल्या कागदावर कळत नाही, म्हणून घरी तेलुगू किंवा कन्नड पेपर येत असेल तर एक थर मराठीचा आणि पुढचा त्याचा द्यावा. लिपी बदलली की राहिलेली जागा लगेच डोळ्यांत भरते. वाटलेला लगदा शेवटी, आणि तोही चोच, भुवई, मांडी एवढ्यापुरताच. सगळा पक्षी लगद्याने थापला तर जड होतो आणि वाळता वाळत नाही.

खरी फसगत वाळवण्यात होते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि गच्चीवर ठेवलेला पक्षी संध्याकाळपर्यंत टणक लागतो. पण टणक झालेली असते ती नुसती साल. आतली ओल नंतर वास मारते किंवा रंगाला पोपडे आणते. दोन थर झाले की थांबावे, सावलीत वारा लागू द्यावा आणि पक्षी गालाला लावून पाहावा. गार लागला तर आत ओल आहे. सप्टेंबरात, जेव्हा इथला खरा पाऊस येतो, तेव्हा हे काम काढूच नये.

वाळलेल्या पक्ष्यावर खडूची भुकटी आणि फेव्हिकॉल यांचा पातळ लेप देऊन पॉलिश पेपरने घासतात. या लेपाशिवाय छापील अक्षरे पांढऱ्या रंगातून डोकावतात. रंग पोस्टरचे चालतात. अ‍ॅक्रिलिक जास्त टिकतात.

पहिल्या खेपेला राज्यपक्षी हरियाल बरा: आखूड पिवळे पाय, गुबगुबीत अंग, फांदीवर चिकटवला की झाले. सोलापूरकराचा जीव मात्र माळढोकावर. शहराजवळच्या नान्नज परिसरात 1979 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आता तिथे तो दिसणे हा नशिबाचा भाग. नर मीटरभर उंच असतो, त्यामुळे घरातली प्रतिकृती बहुधा निम्म्या मापाची. मान फिकट पांढरी, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा, पाठ तपकिरी. पाठीवरची बारीक नक्षी कुंचल्याने काढायला बसू नये; जुन्या टूथब्रशवर गडद रंग घेऊन अंगठ्याने उडवावा, तेवढ्यात माळरानाचा रंग उतरतो. मादी लहान असते आणि तिच्या छातीवरचा पट्टा नसतो किंवा तुटक असतो.

पाय जाड तारेचे करतात. लोखंडी तार ओल्या खळीत गंजते आणि तिचा तांबूस डाग वर येतो, म्हणून आधी तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. डोळे सगळ्यांत शेवटी, पक्षी समोर धरून, दोन्ही एका पातळीवर आणि एकाच बैठकीत.

वार्निश मारलेला पक्षी महालक्ष्म्यांच्या आराशीत मिरवतो, मग वर्षभर माळ्यावर जातो. खळ म्हणजे शेवटी मैदाच, त्यामुळे तिथे उंदीर आणि झुरळे त्याच्यावर टपून असतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेले पक्षी तेवढे पुढच्या भाद्रपदापर्यंत शाबूत राहतात.